सोयऱ्यांच्या गावातली निवडणूक

आमच्या मालेगावात दोन अनोळखी माणसं बोलायला लागली, की चहा येईपर्यंत त्यांची सोयरीक निघते. नाशिककडचं नव्हे, वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव. इथं वाचनालय असो, शिक्षण संस्था असो की देवस्थान, कार्यकारिणीसाठी निःस्वार्थी माणूस एखादवेळ सापडेल. ज्याचा कुणाशीच संबंध नाही असा सापडणार नाही.

एका वाचनालयाच्या सर्वसाधारण सभेला बसलो होतो. उमेदवारांपैकी एकाच्याच इमारतीत वाचनालय भाड्यानं होतं. दुसऱ्याचं पुस्तकांचं दुकान, खरेदी बहुतेक तिथूनच. तिसऱ्याची सून ग्रंथपाल. तिघंही भली माणसं. अनुदान रखडलं त्या वर्षी दुकानदारानं बिलासाठी तगादा लावला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी घरमालकाला विचारलं, “भाऊ, उद्या भाडं वाढवाचा ठराव आला, त तुमी कोन्या बाजूनं बोलसान?” सभा हसली. अध्यक्ष म्हणाले, “घरचीच माणसं आहेत, असं काय विचारता?” तिघंही बिनविरोध निवडून आले. इतिवृत्तात त्या प्रश्नाचा उल्लेख नाही.

मला तो प्रश्न सभेतला सगळ्यात शहाणा वाटला. फक्त तो एकट्यालाच आणि थट्टेत विचारला गेला, म्हणून वाया गेला.

ग्रामपंचायतीच्या बाबतीत कायदा भीड ठेवत नाही. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हिस्सा असेल, तो 1958च्या अधिनियमाच्या कलम 14नुसार सदस्यत्वाला अपात्र ठरतो. नोंदणीकृत न्यासांना 1950चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागू आहे. जागा विकायची तर कलम 36खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कुणी विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे काय, गुंतवणुकीत कुणाचा हितसंबंध आहे काय, हेही लेखापरीक्षकाला अहवालात लिहावं लागतं. पण ही विचारपूस वर्ष सरल्यावरची. उमेदवारी भरताना काय विचारायचं, ते बहुतेक संस्थेच्या घटनेवर असतं, आणि घटना कपाटात असते.

यावर उपाय म्हणून सगळ्या लागेबांधेवाल्यांना बाद करा म्हटलं, तर आमच्या गावात गणपूर्तीसुद्धा होणार नाही. शिवाय इमारत देणारा, उधारी सोसणारा, हीच तर संस्थेची जीव लावणारी माणसं. म्हणून संबंध असण्याला मी दोष देत नाही. मात्र तो उमेदवारी अर्जावरच लिहून घ्यावा: संस्थेशी तुमचा किंवा घरच्यांचा पैशाचा, जागेचा, नोकरीचा वा कोर्टाचा काही व्यवहार आहे काय? प्रत्येकाला, अध्यक्षांनाही. सगळ्यांनाच विचारलं की अपमान कुणाचाच होत नाही. आणि मतदानाआधी ही उत्तरं सभेत वाचून दाखवावीत.

पुढचा निवाडा मात्र सरसकट करता येत नाही. पुस्तकखरेदीचा विषय वर्षातून एकदा निघतो. तेवढ्यापुरतं दुकानदारानं बाहेर बसावं, दरपत्रकं इतरांनी उघडावीत. सुनेच्या पगाराचा विषय निघाला की सासऱ्यानंही उठावं. घरमालकाचं तसं नाही. भाडं, दुरुस्ती, जागा सोडणं, नवी जागा घेणं, वाचनालयाचा निम्मा कारभार त्याच्या भिंतींभोवती फिरतो. प्रत्येक वेळी बाहेर जाणारा सदस्य कामाचा नाही आणि बाहेर न जाणारा धोक्याचा. अशा हितचिंतकानं पदाऐवजी सल्लागार म्हणून राहावं, हे त्याला प्रेमानं पण स्पष्ट सांगायला हवं.

सांगणार कोण, इथंच सगळं अडतं. भीड भिकेची बहीण, हे आपण पोरांना शिकवतो आणि सभेत विसरतो. पण या भिडेचा तोटा भल्या माणसालाच जास्त होतो. दुकानदारानं रास्त दरात पुस्तकं दिली तरी चौकात कुजबुज होतेच, आणि तिला उत्तर द्यायला त्याच्याकडे कागद नसतो. ‘या विषयाच्या वेळी सदर सदस्य सभागृहाबाहेर होते’ एवढी एक ओळ इतिवृत्तात असली, तर त्याच्या सचोटीची साक्ष द्यायला उद्या त्याच्या ओळखीचं कुणी शोधावं लागत नाही.