उजवा बैल, डावा बैल

मोडी पत्राचा मायना नीट लागला की निम्मं पत्र हाती येतं. लिहिणारा कोण, ज्याला लिहिलं तो कोण, दोघांत वडीलपण कोणाकडे, सध्या दोघांचं बरं चाललंय की बिनसलंय, हे पहिल्या दोन ओळींतच कळतं. वडिलांना 'तीर्थरूप', आईला 'मातुश्री', धाकट्याला 'चिरंजीव', शास्त्रीबुवांना 'वेदमूर्ती', प्रतिष्ठित गृहस्थाला 'राजमान्य राजश्री', मोठ्या सरदाराला 'अखंडितलक्ष्मीअलंकृत'. वरिष्ठाला विज्ञापना करायची, बरोबरीच्याला विनंती, हाताखालच्याला आज्ञा. शेवटही तसाच ठरलेला. 'लोभ असो दीजे' म्हटलं तर स्नेह, आणि नुसतं 'जाणिजे' म्हटलं तर हुकूम. कोणाला काय लिहावं हे शिकवणाऱ्या वह्यांना मेस्तक म्हणत, आणि त्या परंपरेचं मूळ यादवांच्या हेमाद्रीपर्यंत नेलं जातं. मायना एक पायरी खाली उतरला तर वाचणाऱ्याला तो लागायचा. पुष्कळदा तो लागावा म्हणूनच उतरवलेला असे.

हे सगळं पोकळ होतं, असं आज सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. पेशव्यांच्या हाती सारा कारभार आल्यावरही शिक्क्यात छत्रपतींचं नाव आधी आणि पेशव्याचं नंतर येत राहिलं. साताऱ्याहून वस्त्रं मिळाल्याखेरीज पुण्यात कोणी पेशवा होत नसे. सत्ता कोणाकडे आहे आणि मान कोणाचा आहे, हे दोन हिशेब वेगळे ठेवायची ती रीत होती. ज्याची सत्ता गेली त्याचा मानही त्याच दिवशी काढून घ्यायचा नाही, ही समज त्यामागे होती.

माझ्याकडे वाचायला येणारे कागद बहुतेक शिरूर आणि दौंड तालुक्यांतले. कोणी पत्र्याच्या डब्यातून आणतं, कोणी रुमालात बांधून. "ताई, जमिनीचं काही निघतंय का बघा," हे पहिलं वाक्य. जमिनीचं क्वचितच निघतं. निघतो तो मान. तर्फ पाबळ, तर्फ पाटस अशी जुनी नावं असलेल्या या कागदांत पाटिलकीचे तंटे पानोपानी भेटतात.

पाटिलकी विकता येत असे. दुष्काळ पडला, सरकारचा वसूल तुंबला, कर्ज डोईजड झालं की पाटील निम्मी पाटिलकी विकायचा आणि गावाला दोन पाटील व्हायचे. भाऊबंदांतही वाटे पडायचे. जमिनीचे दोन तुकडे बांध घालून होतात. मानाचे कसे करायचे? मग करार लिहिला जाई. सरकारातून येणारा शिरपाव आधी कोणी घ्यावा. गावच्या लग्नात पहिला टिळा आणि पहिला विडा कोणाचा. होळीला पहिली पोळी कोणाची. दसऱ्याला आपट्याची पूजा कोणी करावी. वाजंत्री आधी कोणाच्या दारी जावी. कागदावर पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढत, तो वर कोणाचा आणि खाली कोणाचा.

आणि पोळा. पोळ्याला गावच्या वेशीतून पहिला बैल कोणाचा जाणार, यावरून डोकी फुटत. अशा करारांतली एक तोड मला फार आवडते. दोघांचे बैल बरोबरीने चालावे. वडील घराचा उजव्या अंगाला, धाकट्याचा डाव्या अंगाला. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही, तरी वडीलपण राहिलं. ज्यांनी हे सुचवलं त्या गोतातल्या माणसांची नावं कागदाच्या तळाशी असतात, नावांपुढे ज्याची त्याची निशाणी. पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, न्हाव्याचा आरसा, महाराचा विळा. लिहिता न येणाऱ्या माणसाची साक्षही इथे निशाणीने पक्की होत असे.

तंटा गोतसभेत मिटला नाही तर वर जाई आणि कधी दिव्यापर्यंत पोचे. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात पिशवीत घालून वर मोहोर करायची, आणि काही दिवसांनी पिशवी उघडून हात तपासायचा. खरा ठरला त्याला जयपत्र मिळे आणि त्याबद्दल तो सरकारात हरकी भरे. हरलेला गुन्हेगारी भरे आणि यजितखत लिहून देई, की माझा दावा खोटा, पुन्हा भांडणार नाही. विड्याच्या पानासाठी हात भाजून घेणारी माणसं वेडी होती का? मला तसं वाटत नाही. ज्या गावात सातबारा नाही, रोज सरकारी माणूस येत नाही, तिथे सगळ्या गावादेखत घेतलेला पहिला विडा हाच हक्काचा पुरावा होता. या वर्षी विडा दुसऱ्याने घेतला आणि तुम्ही गप्प बसलात, तर पुढच्या पिढीत तुमच्या नातवाला वतन सिद्ध करता येणार नाही. मान काटेकोर असावा लागे, कारण तोच दप्तराचं काम करी.

पण हेच कागद दुसऱ्या बाजूने वाचले की मन स्वस्थ राहत नाही. महाराच्या विळ्याला साक्षीत जागा आहे, पण गावात त्याने करायचा नमस्कार ठरलेला आहे, 'जोहार', आणि तो वाकूनच करायचा. बिनचूक शिष्टाचाराने माणसाला वर नेता येतं तसं कायमचं खाली धरताही येतं. शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाला १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आले. पुढे 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ झाला; त्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना देतात. जोहाराच्या जागी जय भीम येणं ही या मुलखातल्या मायन्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना आहे, असं मी मानते. वतनं गेली ती कायद्याने: हलकी समजली गेलेली गावकामगार वतनं १९५८च्या कायद्याने, पाटिलकी १९६२च्या. नमस्कार मात्र माणसांनी स्वतः बदलला.

त्याच तालुक्यात पाबळ आहे. मस्तानीला इनाम दिलेलं गाव, आणि तिची कबरही तिथेच. १७४० साली बाजीराव गेले आणि त्याच वर्षी ती गेली. पेशवे दप्तरात तिची नोंद 'कलावंतीण' अशी भेटते. मातुश्री, सौभाग्यवती, गंगाभागीरथी, बायकांसाठी जेवढे मायने होते त्यांतला एकही त्या घराने तिला लावला नाही. तिचा मुलगा शमशेर बहाद्दर पानिपतावर लढून जखमांनी गेला. पाबळला गेले की मला कबरीपेक्षा हा न लिहिलेला मायना जास्त आठवतो.

आज माझ्या विषयाचा जिवंत कागद म्हणजे लग्नपत्रिका. दोन्ही तालुक्यांतल्या पत्रिका मी जमवते. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून 'आपले नम्र'पर्यंत जुन्या मायन्याचा सांगाडा शाबूत आहे. 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' आहेत, आशीर्वाद, निमंत्रक, व्यवस्थापक अशा उतरंडी आहेत. चुलत्यांची नावं वयाने लागली नाहीत तर गठ्ठा परत छापखान्यात जातो. मांडवात व्याहीभेट होते तेव्हा मामाला मामा, चुलत्याला चुलता, आत्याच्या नवऱ्याला आत्याचा नवरा; जोडी चुकली तर सोयरा वर्षभर मनात धरतो. याला मी हसत नाही. शहरातून आलेल्या पाहुण्याला हा खोळंबा वाटतो, पण दूरच्या आतेभावाला, ज्याच्याकडे जमीनही नाही आणि पदही नाही, सगळ्या मांडवासमोर नाव घेऊन फेटा बांधला जातो तो या काटेकोरपणामुळेच. पुढाऱ्यांची नावं या उतरंडीत वर चढत चालली आहेत आणि त्यामुळे घरची माणसं खाली ढकलली जातात, याचं मात्र मला वाईट वाटतं.

त्याहून जास्त बोचते ती एक ओळ. वडील हयात नसलेल्या मुलाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून चुलत्याचं नाव पहिलं असतं, आणि मुलाला वाढवणारी आई खाली कुठेतरी 'गं. भा.' म्हणून उरते. केडगाव दौंड तालुक्यातच आहे, जिथे पंडिता रमाबाईंनी विधवा आणि दुष्काळग्रस्त बायकामुलींसाठी मुक्ती मिशन उभं केलं आणि १९२२ साली देह ठेवला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे नमुना म्हणून ठेवला. ठरावांत कुंकू आहे, बांगड्या आहेत, मंगळसूत्र आहे. पत्रिकेतली नावाची जागा अजून कोणी हातात घेतलेली नाही.

ती घ्यायची तर छापखान्यातून घ्यायला हवी. लोक पत्रिकेचा मजकूर स्वतः लिहीत नाहीत. छापखानेवाला नमुन्यांची वही पुढे करतो, त्यातलं एक पान निवडतात आणि फक्त नावं बदलतात. ही वही म्हणजे आजचं मेस्तक. म्हणून मी शिरूर, पाटस, केडगाव आणि दौंड इथल्या छापखानेवाल्यांना एक तयार मजकूर लिहून दिला आहे. त्यात निमंत्रकांत पहिलं नाव आईचं आहे, तिच्या नावाआधी 'श्रीमती' आहे, आणि चुलत्याचं नाव त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, तिच्यानंतर आहे. दोघा-तिघांनी तो वहीत लावून घेतला. एकाने विचारलं, चुलते रागावले तर काय सांगू? मी त्याला म्हटलं, त्यांना सांगा, वडील घराचं नाव आधी येतं ही आपल्याच गावची रीत आहे, आणि थोरल्या भावाच्या घरात आता वडील त्याच आहेत.