मेजावरचा आणि मांडीवरचा

आमच्या घरी एक बलदंड संगणक आहे. जयपूरच्या विद्याधर नगरातील आमच्या बिऱ्हाडाची अर्धी खोली त्याने व्यापली आहे, आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत आम्ही दोघे आळीपाळीने त्याच्यापुढे बसतो. ह्यांचे काम इमारतींच्या नकाशांचे; माझे, मासिकाच्या मराठी आवृत्तीसाठी अनुवाद करण्याचे व आलेली हस्तलिखिते तपासण्याचे. नकाशे तिन्ही बाजूंनी फिरवून पाहायचे म्हणून त्यात ग्राफिक्स कार्ड आले. जुन्या अंकांच्या पानांची छायाचित्रे घेऊन त्यांतील मजकूर यंत्राकडून वाचवून घेण्याचे काम मजकडे आले म्हणून ६४ जीबी रॅम आली. आणि मूळ व अनुवाद शेजारी शेजारी मांडून ताडून पाहता यावेत म्हणून २७ इंची पडदा आला. ज्येष्ठात हे यंत्र पूर्ण भरात चालू लागले की खोलीत कोणी शेगडी पेटवून बसले आहे असे वाटते. तरीही त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. घरात एक तरी असामी अशी असावी की जिला कोणतेही काम सांगितले तरी ती नाही म्हणत नाही.

मग दुसरे यंत्र कशाला, असे आपण विचाराल. त्याला कारण माझी आई.

दोन वर्षांपूर्वी मिरजेला अंगणातील पायरीवरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. जयपूरहून पुणे, तेथे गाडी बदलून मिरज, असा सुमारे सव्वा दिवसाचा प्रवास करून मी पोहोचले. येताना लॅपटॉप बरोबर आणला होता. होय, लॅपटॉप तेव्हाही आमच्याकडे होता. तो घेताना आम्ही अगदी विचारपूर्वक ठरवले होते की, घरच्या संगणकावर होते ते सारे त्यावर व्हावे, फक्त तो उचलून नेता यावा. त्याप्रमाणे १५.६ इंची पडद्याचा, वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा, चांगला २.४ किलो वजनाचा लॅपटॉप आला. त्याचे चार्जर म्हणजे भाजलेली वीटच. दुकानात हे सारे ऐकून आम्हांला केवढे समाधान वाटले होते!

रुग्णालयात पहिल्याच रात्री त्याचे खरे रूप कळले. खोलीत तीन खाटा. दिवे मंद झाल्यावर मी तो मांडीवर घेऊन उघडला, तर मिनिटभरात त्याचा पंखा घोंघावू लागला. शेजारच्या खाटेवरील आजींनी कूस बदलली. आईने डोळे न उघडताच विचारले, "गिरण चालू केलीस का गं?" मी ओशाळून तो मिटला. दिवसा उघडावा तर सव्वा तासात बॅटरी संपे, आणि खाटेजवळच्या प्लगमध्ये सलाईनचे यंत्र लावलेले. तो प्लग मागण्याचे धैर्य कोण करील? शेवटी बाहेरच्या व्हरांड्यात, पाण्याच्या यंत्राशेजारी एक रिकामा प्लग सापडला. अंकाची मुदत टळणारी नव्हती. मी आईपाशी राहण्यासाठी गेले होते, आणि नऊ दिवसांतले कितीतरी तास राहिले त्या प्लगपाशी. मधूनमधून परिचारिका येऊन सांगे, "आई विचारताहेत, कुठं गेल्यात म्हणून."

आईचे पाऊल आता पूर्वीसारखे पडत नाही. दर दोन महिन्यांनी मला मिरजेस जावे लागते, आणि पुढेही लागेल. तेव्हा यंदा मी ठरवले की, या यंत्राचा विचार पुन्हा पहिल्यापासून करायचा.

विचाराला दिशा मिळाली ती अवचित. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन आम्ही जंतरमंतर पाहायला गेलो होतो. विद्याधर नगरात राहणाऱ्यांस जुन्या शहराची थोडी अधिक ओढ असते, असे माझे मत आहे. कारण सवाई जयसिंगांनी १७२७ साली वसवलेल्या जयपूरची आखणी ज्या विद्याधर भट्टाचार्यांनी केली, त्यांचेच नाव आमच्या वसाहतीला आहे, आणि या नव्या वसाहतीचा आराखडा १९८०च्या दशकात करणारे बाळकृष्ण दोशी जन्मले पुण्यात. असो. जंतरमंतरात सम्राट यंत्र नावाचे सूर्यघड्याळ आहे. उंची सुमारे २७ मीटर. सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतची वेळ सांगणारे. पितळेची लहान यंत्रे जयसिंगांनी आधी वापरून पाहिली होती, पण ती आकाराने लहान, त्यांचे आस झिजत, म्हणून त्यांनी दगडचुन्याची अचल यंत्रे उभारली. पण त्याच आवारात यंत्रराजही टांगलेला आहे. तेथला आकाराने मोठा असला, तरी यंत्रराज हे मुळात हातात धरून चालता येईल असे उपकरण. प्रवासी आणि ज्योतिषी ते जवळ बाळगीत. ह्यांनी सहज म्हटले, "याच्याकडून कोणी दोन सेकंदांचा हिशेब मागत नसेल."

मला आमचा २.४ किलोचा लॅपटॉप आठवला. आम्ही सम्राट यंत्र पाठीवर घेऊन हिंडत होतो!

घरी येऊन मी कागद घेतला आणि घराबाहेर मी प्रत्यक्षात काय काम करते ते लिहून काढले. अनुवाद, मजकूर तपासणे, पत्रव्यवहार, पानांच्या मुद्रितांवर खुणा करणे. एवढेच. त्रिमितीतील इमारत मी कधीही रुग्णालयात फिरवली नव्हती. जुन्या अंकांची हजार पाने व्हरांड्यात बसून वाचवून घेतली नव्हती. ग्राफिक्स कार्डाचे पैसे, त्याचे वजन, त्याची उष्णता आणि त्या उष्णतेसाठीचा पंखा, हे सारे मी आजवर निष्कारण वाहत आले होते. मोठा संगणक घरी नसता तर गोष्ट वेगळी. मग एकाच यंत्राला सर्व करावे लागले असते. पण तो आहे. म्हणून दुसऱ्याकडून मला तेच हवे होते, जे पहिल्याला जमत नाही: हलके असणे, मुके असणे, आणि भिंतीपासून दूर तग धरणे.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे, तो आपणही करून पाहावा. बॅटरीवर तिची क्षमता वॉट-अवरमध्ये छापलेली असते. साधे लेखन करताना हलका लॅपटॉप तासाला सहा-आठ वॉट-अवर खातो. म्हणजे ५६ वॉट-अवरची बॅटरी सात तास तरी पुरावी. आमचा जुना काही न करताही तीस-पस्तीस खाई. दुकानदार जेव्हा अठरा तास म्हणतो, तेव्हा तो बहुधा मंद केलेल्या पडद्यावर चित्रफीत चालवून मोजलेला आकडा असतो. तो निम्मा धरावा. विमानाने जाणाऱ्यांनी १०० वॉट-अवरची मर्यादा ध्यानात ठेवावी. त्यापेक्षा मोठी बॅटरी विमान कंपनीच्या परवानगीवाचून नेता येत नाही. रेल्वेने जाणाऱ्या माझ्यासारखीला वेगळीच अडचण. डब्यातील चार्जिंगची सोय रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवण्याचा निर्णय रेल्वेने २०२१ साली जाहीर केला. आगीच्या भयाने केला, तेव्हा त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. चार्जर मात्र असा हवा की ज्यावर मोबाइलही भरता येईल. यूएसबी-सी जातीचे ६५ वॉटचे चार्जर मुठीत मावते.

पडद्याविषयी थोडे अधिक लिहिते, कारण याबाबत इंग्रजीत लिहिणारे परीक्षक आपल्या उपयोगाचे नाहीत. देवनागरीची ओळ उंच असते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ओळींत मोकळी जागा न ठेवावी तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. म्हणून रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची. १४ इंची पडदे दोन प्रमाणांत मिळतात, १६:९ आणि १६:१०. कर्ण एकच, पण दुसऱ्याची उंची सुमारे दीड सेंटिमीटर अधिक. हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटेल. मुद्रित तपासताना परिच्छेदाची पहिली ओळ डोळ्यांसमोर राहते की वर सरकून जाते, ते त्या दीड सेंटिमीटरवर ठरते. पडदा चकचकीत नसावा; आणि उजेड ३०० निटांहून कमी नसावा, नाहीतर खिडकीपाशी बसल्यावर मजकुराऐवजी आपलाच चेहरा तपासावा लागतो.

कळफलकाची परीक्षा मी दुकानातच बसून घेतली. मी इन्स्क्रिप्ट पद्धतीने लिहिते: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. तीत 'र' च्या कळीवर शिफ्ट धरली की 'दुसऱ्या'तला 'ऱ' उमटतो, आणि 'ल' च्या कळीवर 'ळ'. मराठीला शिफ्टची कळ अशी पदोपदी लागते. काही लहान लॅपटॉपांत डावी शिफ्ट आखूड करून टाकलेली असते, आणि बाणांच्या कळा तर नखाएवढ्या. दुकानातील तरुण मला प्रोसेसरचे गुण सांगत होता व मी 'बाळाच्या साऱ्या खेळण्यांवर' असले निरर्थक वाक्य पुन्हापुन्हा लिहीत होते. त्याला माझी कीव आली असावी.

प्रोसेसरबद्दल फार बोलण्यासारखे नाही. लेखनाला अलीकडचा कोणताही मध्यम प्रोसेसर पुरतो. रॅम मात्र घेतानाच १६ जीबी घ्यावी, कारण पातळ लॅपटॉपांत ती बहुधा पटलावर कायमची जोडलेली असते. मागाहून वाढवू म्हटले तर वाढत नाही.

एम. आय. रोडवरील जयंती मार्केटात तीन शनिवार घालवल्यावर आम्ही नव्याचा नाद सोडला. कार्यालयांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेले चांगले लॅपटॉप दुरुस्त करून विकतात. ते नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, आणि त्यांचे कळफलक माझ्या अनुभवाने नव्या स्वस्त लॅपटॉपांहून सरस असतात. यात दोन धोके. एक, बॅटरी थकलेली असते. ती आपल्यासमोर बदलून घ्यावी. दुसरा, फार जुना प्रोसेसर असेल तर विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे. आमचा १.३५ किलोचा, १६:१० पडद्याचा, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला. घरी आणून मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर चार्जरसह ठेवला. १ किलो ६१० ग्रॅम भरला.

येथे कथा संपली असे मला वाटले होते. पण घरात दोन यंत्रे झाली की मूळ प्रत कोणती, हा प्रश्न येतो, आणि संपादकाच्या घरी तो फार कटू असतो. मिरजेच्या त्या नऊ दिवसांत मी पेन ड्राइव्हवर एक लेख नेला, व्हरांड्यात बसून तो कसून तपासला, आणि परतल्यावर घाईत घरच्या संगणकावरची न तपासलेली प्रत छपाईस धाडली. लेख कुपोषित बालकांच्या आहारावर होता, आणि त्यात एका ठिकाणी ग्रॅमच्या जागी किलोग्रॅम राहिले होते. पुढच्या अंकात शुद्धिपत्र दिले. चूक सर्वस्वी माझी; यंत्राची नव्हे. आता नियम असा की, चालू काम एकाच फोल्डरात, तो फोल्डर दोन्ही यंत्रांवर आपोआप जुळवला जाणारा, आणि घरून निघताना जुळवणी पुरी झाल्याची खूण पाहिल्याशिवाय लॅपटॉप मिटायचा नाही. शिवाय तिसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, कपाटात. जुळवणी म्हणजे राखीव प्रत नव्हे, हे ध्यानात ठेवावे; एका ठिकाणी पुसलेले ती इमानेइतबारे दुसऱ्या ठिकाणीही पुसते.

आणि सर्वांत मौजेचे ते शेवटी ह्यांनी जमवून दिले. मिरजेत बसून हलक्या लॅपटॉपवरून घरच्या बलदंडाला कामाला लावता येते. जुन्या अंकाची शंभर पाने वाचून काढ, अशी आज्ञा मी येथून द्यावी, त्याने तेथे शेगडीसारखे तापावे, आणि मला फक्त त्याच्या पडद्याचे चित्र दिसावे. याला विंडोजची प्रो आवृत्ती घरच्या संगणकावर लागते, होम चालत नाही. आणि ही वाट व्हीपीएनमधून काढावी, उघड्यावर ठेवू नये. जयपूरच्या आंधीत वीज गेली तर यूपीएस काही मिनिटेच पुरतो, म्हणून वीज परतताच संगणक आपणहून सुरू व्हावा अशी सोय त्याच्या बायोसमध्ये शोधून चालू करून ठेवली आहे. उन्हाळ्यात लॅपटॉप बंद मोटारीत ठेवीत नाही आणि त्याची बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवते. उष्णता आणि काठोकाठ भरलेपण, या दोहोंनी ती लवकर म्हातारी होते.

गेल्या महिन्यात नव्या लॅपटॉपसह मिरजेस गेले. दुपारी आई खाटेवर पडलेली, मी तिच्या पायांशी भिंतीला टेकून बसलेली. तासभर गेला असेल. तिने मान वळवून पाहिले.

"आज तुझी गिरण नाही आणलीस?"

"ही काय मांडीवर आहे."

"चालू आहे?"

मी पडदा तिच्याकडे फिरवला. ग्रामीण भागातील एका बालवाडीविषयीचा अनुवाद होता. तिने चष्मा मागितला, लावला आणि म्हणाली, "अक्षर मोठं कर." मी केले. आणखी मोठे करायला सांगितले, तेही केले. मग ती एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली, आणि तिसऱ्या ओळीवर थांबून म्हणाली, "हे वाक्य मराठीत असं बोलत नाहीत." तिचे खरे होते. चहाची वेळ होईपर्यंत आम्ही दोघींनी तो परिच्छेद पुन्हा लिहून काढला.