उमेदवार ठरवतो कोण?

एडिसन किंवा जर्सी सिटीत स्थायिक होऊन अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या मराठी मतदारापुढे नोव्हेंबरच्या लढतीआधी, जून महिन्यात, प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक येते. न्यूजर्सीत ती ‘बंद’ स्वरूपाची आहे. म्हणजे तीत त्या पक्षाकडे नोंद असलेल्यांनाच मत देता येते, आणि कोणत्याही पक्षाकडे नोंद नसलेल्या स्वतंत्र मतदाराने केंद्रावर पक्ष जाहीर केला, तरच त्याला मतपत्रिका मिळते. एकाच पक्षाचे वर्चस्व असलेल्या भागात खरा निकाल जूनमध्येच लागत असल्यामुळे ही अट किरकोळ राहत नाही.

सरकारी खर्चाने होणाऱ्या निवडणुकीसाठी मतदाराला पक्षाशी बांधणे घटनाबाह्य आहे, असा दावा काही स्वतंत्र मतदारांनी २०१४ मध्ये बाल्सम खटल्यात केला. परंतु पक्षाशी न जोडता प्राथमिक निवडणुकीत मत देण्याचा घटनात्मक हक्क नाही, असे म्हणत संघीय अपील न्यायालयाने तो २०१५ मध्ये फेटाळला. आपला उमेदवार कोणासोबत ठरवायचा हे पक्षानेच पाहावे, या संघटनस्वातंत्र्याच्या तत्त्वावरच सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये कनेक्टिकटच्या रिपब्लिकन पक्षाला स्वतंत्र मतदारांना सामावून घेण्याची मुभा दिली होती, आणि २००० मध्ये कॅलिफोर्नियाने पक्षांवर लादलेली सर्वांना खुली पद्धत रद्द केली होती.

पालघर किंवा बोईसर-तारापूरहून गेलेल्या मतदाराला मात्र या वादाचे नवल वाटावे, कारण तिकडे तिकीट मुंबई-दिल्लीत ठरते आणि पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे एबी फॉर्म सांगतो. पालघरचे खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनानंतर २०१८ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेकडून, तर काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित भाजपकडून लढले. गावित जिंकले, आणि २०१९ मध्ये जागावाटपात ही जागा शिवसेनेकडे जाताच त्याच गावितांनी शिवसेनेच्या तिकिटावर ती पुन्हा जिंकली. २०२४ मध्ये पालघर विधानसभेसाठी विद्यमान आमदार श्रीनिवास वनगा यांना डावलून एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेने गावितांना उभे केले. यांपैकी एकाही निर्णयासाठी सामान्य पक्षसदस्यांचे मतदान झाले नाही, आणि तसे घेण्याचे बंधन लोकप्रतिनिधित्व कायदा घालत नाही.

न्यूजर्सीतील स्वतंत्र मतदाराची तक्रार रास्त आहे; परंतु कायदा बदलेपर्यंत, पक्षाच्या नोंदीला बिचकून जूनचे मतदान टाळणे म्हणजे हाती असलेला अधिकार आपणहून सोडणे होय. पालघरच्या मतदाराने तर उमेदवारनिवडीत पक्षसदस्यांना मत असावे, अशी मागणीच आता कायदे करणाऱ्यांकडे करायला हवी.