डोळे अधू की दिवे मंद?

मैत्रिणींनो, जुनी गाडी म्हणजे घरातलं एक माणूसच असतं. आमच्याकडे १९८१ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ती काढणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचेच. जन्म १८८२चा, कंपनी काढली १९४४ साली. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाल्या, पण आमची अजून अक्कलकोटला जाऊन येते.

गेल्या वर्षी मात्र अंधार पडला की ह्यांना रस्ता नीट दिसेना. मुलगा म्हणाला, "बाबा, आता वय झालं. गाडी विकून टाका." हे काही बोलले नाहीत, पण दोन दिवस जेवण धड गेलं नाही. पन्नास वर्षं गाडी चालवलेल्या माणसाच्या हातून किल्ली काढून घेणं म्हणजे काय, ते तुम्ही जाणताच. मी म्हटलं, आधी डोळे तपासू, मग बोलू. डॉक्टरांनी तपासलं. मोतीबिंदू नाही, चष्म्याचा नंबरही तोच. मग दिवेच का तपासू नयेत?

वायरमनने मीटर लावला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, दिव्याच्या टोकाशी जेमतेम अकरा! आता गंमत अशी, की दाब दहा टक्के कमी पडला तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो.

वीज जाते कुठे? ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे सुमारे नऊ अँपियर. जुन्या गाडीत ही सगळी वीज स्टीअरिंगजवळच्या स्विचातून, लांब नि बारीक तारांतून फिरून येते. गच्चीवरची टाकी भरलेली असूनही बारीक, गंजक्या नळीतून धार कमी यावी, तसंच हे. शिवाय स्विच तापतो तो वेगळाच.

त्यावर उपाय रिलेचा. छोटीशी चौकोनी डबी, आत तारेचं वेटोळं. स्विचातून चिमूटभर वीज आली की वेटोळ्याचं लोहचुंबक होतं आणि मोठा संपर्क जुळतो. म्हणजे स्विचने नुसती हाक मारायची, ओझं उचलणारा गडी वेगळा!

डबीवर आकडे असतात, तेही सांगते. ३० वर बॅटरीची जाड तार, ८७ वरून दिव्याला, ८६ ला स्विचाची जुनी तार, ८५ गाडीच्या अंगाला, म्हणजे अर्थला. लांबच्या आणि जवळच्या उजेडासाठी दोन रिले लागतात. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. त्यात कंजुषी नको, तार घासली तर आग लागते. कामाआधी बॅटरीची तार सोडवायला सांगा. जास्त वॅटचे बल्ब घालू नका, आणि दिव्यांचा रोख खाली ठेवा. समोरच्याचे डोळे दिपायला नकोत.

पुढच्या गुरुवारी अक्कलकोटहून परतताना अंधार झाला होता. गाडी हेच चालवत होते, मुलगा शेजारी बसला होता. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "बाबा, माझ्याही गाडीचे दिवे एकदा बघून द्या."

तेव्हा, घरातल्या वडीलधाऱ्यांची किल्ली काढून घेण्याआधी डोळे तपासाच, पण दिवेही तपासून घ्या हं!