बॅटरी

अब्बांची जुनी मारुती फजरनंतर नुसती कण्हली. अम्मीला डायलिसिसला रिक्षाने नेलं.

बॅटरी पाच वर्षांची. पगार व्हायचा होता, म्हणून चार्जिंगला दिली. रात्रभर चार्ज करून मेकॅनिकचाचांनी मीटर लावला: 12.6 व्होल्ट. मी खूश!

"सर, अभी ठहरो," म्हणत त्यांनी लोड टेस्टर जोडला. काटा थेट 8 वर. वर्गात फाडफाड बोलणारं पोर तपासणीला साहेब आले की गप्प होतं, तसंच. दिवे चालू राहून उतरलेली असती, तर चार्जिंगने भागलं असतं. पण हिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसलं होतं.

जुनी मोडीत दिली, नवी उधारीवर घेतली. परवा अम्मीला पुन्हा न्यायचं होतं.