शन लागलेले शब्द

आमच्या खडकवासल्याला रेल्वे नाही, पण स्टेशन आहे. पाण्याचा अभ्यास करणारं, केंद्र सरकारचं रिसर्च स्टेशन. 1916 साली सिंचनाच्या कामासाठी ही संस्था सुरू झाली. गावातली जुनी माणसं त्याला ‘टेसन’ म्हणायची. ज्यांनी एबीसीडी कधी गिरवली नाही, त्यांच्याही तोंडात टेसन, रेशन, इलेक्शन, इंजेक्शन हे शब्द भाकरी-कालवणासारखे बसलेले.

मला इंग्रजी पाचवीपासून आलं. 1975 ला दहावी झालो आणि नांगर धरला. इंग्रजीचं बरंचसं विसरलो, पण मास्तरांनी शिकवलेली एक गोष्ट डोक्यात राहिली. ते फळ्यावर चार अक्षरं लिहायचे : टी, आय, ओ, एन. म्हणायचे, “हे शेपूट दिसलं की डोळे मिटून ‘शन’ म्हणायचं.” मग आम्ही वहीत शनवाल्या शब्दांची रांग लावायचो. नेशन, सेक्शन, अ‍ॅक्शन. त्यातही खोडी होतीच. क्वेश्चनला शेपूट तेच, पण बोलायचं ‘चन’. पेन्शन आणि टेन्शन कानाला त्यांचेच भाऊबंद, पण त्यांच्यात टीच्या जागी एस. पोरं तिथं हमखास छडी खायची.

मास्तरांचा दुसरा धडा जास्त कामाचा. शेपूट छाटलं की बऱ्याचदा आत क्रियापद सापडतं. इरिगेशन छाटलं की इरिगेट, म्हणजे पाणी देणं. इलेक्शन छाटलं की इलेक्ट, म्हणजे निवडून देणं. कधी छाटल्यावर बुंधा थोडा तासावा लागतो. स्टेशन छाटून मात्र हाती काही लागत नाही.

ह्या धड्याचा उपयोग परीक्षेपेक्षा कचेरीत झाला. 1982-83 चा सुमार. आमच्या चुलत्यांच्या, तात्यांच्या नावावरची सव्वा एकर रस्त्यात जाणार होती. त्या वेळी 1894 चा भूसंपादन कायदा चालू होता. वकिलाकडं गेलं की शब्दांचा पाऊस. सेक्शन चारचं नोटिफिकेशन, सेक्शन सहाचं डिक्लरेशन, मग अ‍ॅक्विझिशन, शेवटी कॉम्पेन्सेशन. वडील कानात बोट घालून म्हणाले, “आरं, ह्ये शन शन काय लावलंय? आपल्या रानाचं काय करणार त्ये सांग की!”

मी एकेकाचं शेपूट छाटून सांगत गेलो. नोटिफाय, म्हणजे सरकार कळवणार. डिक्लेअर, म्हणजे सरकार जाहीर करणार. अ‍ॅक्वायर, म्हणजे सरकार घेणार. कॉम्पेन्सेट, म्हणजे सरकार भरून देणार. सांगता सांगता माझ्याच ध्यानात आलं, की क्रियापद म्हटलं की लगेच विचारावं लागतं, कोण करणार? शन लावलं की करणारा दिसेनासा होतो. ‘अ‍ॅक्विझिशन झालं’ म्हटलं की वाटावं, पाऊस झाला तसंच काहीतरी आपोआप झालं.

त्या सगळ्या शनांत एकच शन आमच्या बाजूचं निघालं : ऑब्जेक्शन. हरकत. कलम पाच-अ प्रमाणं तीस दिवसांत लेखी द्यायची. आम्ही दिली. सुनावणी झाली आणि जमीन गेलीच. पण वकिलानं आणखी एक सांगितलं होतं. पैसे उचलताना ‘हरकत राखून’ असं लिहून घ्यायचे आणि मुदतीत कलम अठराचा अर्ज करायचा. तात्यांनी दोन्ही केलं. पुढं कैक वर्षांनी कोर्टातून थोडी वाढ मिळाली. भावकीतल्या एकानं मुकाट सही करून पैसे उचलले होते. त्याला कलम अठराखाली वाढ मागता आली नाही. त्याची जमीन आमच्या बांधाला लागून, एकाच मातीची.

इंग्रजीलाच बोल लावायला नको. आपल्या सरकारी मराठीलाही असलंच शेपूट आहे : भूसंपादन, पुनर्वसन, सिंचन, मूल्यमापन. गावची माणसं असं बोलत नाहीत. ती म्हणतात, रान घेतलं, घरं उठवली, पाणी सोडलं. 12 जुलै 1961 ला पानशेत आणि पाठोपाठ आमचं धरण फुटलं, तेव्हा मी दोन वर्षांचा. आईनं ती हकिकत आयुष्यभर सांगितली. पळालो, चढलो, भिजलो, वाचलो. सगळी क्रियापदं, आणि प्रत्येकात माणूस.

आता तर शनांचं रानच माजलंय. 2021 ला आमचं गाव पुणे महापालिकेत गेलं. पंचायत गेली, कार्पोरेशन आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कन्स्ट्रक्शन. धरणाकाठी कणसं भाजणारी बाईसुद्धा फोन बघून म्हणते, “दादा, ट्रान्झॅक्शन फेल गेलं.” जुना भूसंपादन कायदा जाऊन 2013 चा नवा आला, त्याच्या इंग्रजी नावातच तीन शन आहेत : कॉम्पेन्सेशन, अ‍ॅक्विझिशन, रिहॅबिलिटेशन.

शेजारची पोरं इंग्रजी माध्यमात जातात. फडाफडा वाचतात, स्पेलिंग चुकत नाही. चांगलं आहे. त्यांना मी एवढंच सांगतो : घरात कागद आला आणि त्यात शन दिसलं, तर आजोबांना नुसतं वाचून दाखवू नका. शेपूट छाटा, आणि कोण करणार, कुणाचं करणार, आपल्याला मुदत किती, हे तीन सवाल विचारा. सही त्याच्यानंतर.