जॉन्सनचे ऋण आणि मराठी टीका

जयपूरच्या चांदपोल दरवाजाबाहेर, रेल्वे-स्थानकाच्या बाजूस, बनी पार्क ही जुनी निवासी वस्ती आहे. तेथे मुलीकडे येऊन राहिलेल्या एका निवृत्त मराठी प्राध्यापकांच्या मेजावर गेले काही महिने दोन पुस्तके शेजारी शेजारी असतात. एक जॉन्सनचे ‘रासेलस’, नातीच्या अभ्यासक्रमात नेमलेले. दुसरे चिपळूणकरांची ‘निबंधमाला’, महाराष्ट्र सोडताना त्यांनी बरोबर घेतलेले. नातीने एके दिवशी सहज विचारले, “आजोबा, अडीचशे वर्षांपूर्वीच्या या टीकाकाराचं आज काय उरलंय?” प्रश्न साधा होता. परंतु ज्याने उभी हयात साहित्य शिकविण्यात घालविली त्याला तो केवळ जॉन्सनविषयीचा प्रश्न वाटणे शक्य नव्हते.

मराठीला जॉन्सन परका नाही. ‘रासेलस’चे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिले आणि ते पुरे करण्यास त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांचा हात लागला. मूळ ग्रंथाची जन्मकथाही घरगुती शोकाची आहे. १७५९ साली आईच्या अंत्यविधीचा खर्च भागविण्यासाठी जॉन्सनने एका आठवड्याच्या संध्याकाळी तो लिहून काढला, असे बॉस्वेल सांगतो. त्याचीही मुळे एका भाषांतरात आहेत. गोव्यास येऊन पुढे हबसाणात गेलेल्या लोबो या पोर्तुगीज पाद्र्याचे प्रवासवृत्त जॉन्सनने फ्रेंचवरून इंग्रजीत आणले होते, आणि १७३५ साली प्रसिद्ध झालेले ते त्याचे पहिले पुस्तक होय. इंग्रजीत अशा रीतीने आलेले हबसाण पुढे पुण्यात मराठी बोलू लागले, ही गोष्ट भारतीय भाषांच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

विष्णुशास्त्र्यांनी १८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिचे ८४ अंक काढले. तीत जॉन्सनचे विस्तृत चरित्रही आले. चिपळूणकरांच्या गद्यावर मेकॉलेची छाया आहे हे सर्वमान्य आहे. तथापि टीकाकाराचे आसन कसे असावे, ही कल्पना बनविण्यात जॉन्सनचा वाटा लहान नसावा. आश्रयदात्याची पर्वा न करणारा, लेखणीवर पोट भरणारा, कोशासारखे अवाढव्य काम हाती घेऊन १७५५ साली ते तडीस नेणारा हा पुरुष सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र शाळा व वृत्तपत्रे काढण्यास निघालेल्या तरुणास आपला वाटावा, यात नवल नाही. ग्रंथाची परखड परीक्षा करावी, भाषेचा आब राखावा, मोठ्या नावास भिऊ नये, हे मराठी टीकेने त्यांच्याकडून घेतले. हे ऋण मोठे आहे. मात्र ते अर्धेच घेतले गेले.

ज्या काळात ‘रासेलस’ मराठीत आले, त्याच सुमारास, १८७३ साली, त्याच पुण्यात जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना ते अर्पण केलेले आहे. विष्णुशास्त्र्यांनी मालेतून फुल्यांच्या लेखनाचा कठोर उपहास केला. त्या उपहासाचा मोठा रोख भाषेवर आणि व्याकरणावर होता. लिहिणारा काय सांगतो आहे याकडे न जाता तो कसा अशुद्ध लिहितो याची चर्चा झाली, आणि वाचक हसले.

आता जॉन्सनकडे पाहावे. गुलामगिरीचा इतका उघड तिटकारा असलेले लेखक त्याच्या काळी विरळा. स्वातंत्र्याचा सर्वांत मोठा गजर गुलामांचे मालकच करीत आहेत, हा टोला त्याने १७७५ साली अमेरिकन वसाहतवाल्यांना लगावला. स्कॉटलंडच्या न्यायालयात स्वातंत्र्य मागणाऱ्या जोसेफ नाइट या कृष्णवर्णीय माणसाच्या बाजूने १७७७ साली त्याने युक्तिवाद सांगून लिहवून घेतला. जमेकात गुलामीत जन्मलेला फ्रान्सिस बार्बर त्याच्या घरी वाढला, त्याच्या खर्चाने शिकला आणि अखेर त्याच्या मिळकतीचा मुख्य वारस झाला. जॉन्सनचा भक्त आणि ‘गुलामगिरी’चा कर्ता एकाच गावात असून त्यांची गाठ पडावी ती अशी पडली. मराठी टीकेच्या इतिहासातील ही एक दुःखद चुकामूक म्हटली पाहिजे.

पण हा केवळ स्वभावाचा किंवा राजकीय मतांचा भेद नव्हे. जॉन्सनच्या टीकाविचारातच या चुकीवरचा उतारा आहे. १७६५ च्या शेक्सपिअर-आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने दोन गोष्टी मांडल्या. नाटकातील स्थलकालाच्या एकतेचे नियम मोडले म्हणून नाटक पडत नाही. आणि ग्रंथाच्या मोलाची कसोटी पंडिताचे मत नसून दीर्घकाळ टिकलेला वाचकांचा आदर, साधारण शंभर वर्षांचा, ही होय. पुढे कवी ग्रे याच्या चरित्रात त्याने पांडित्याच्या अभिमानाने न बिघडलेल्या सामान्य वाचकाच्या निवाड्यापुढे आनंदाने मान तुकवली. व्हर्जिनिया वुल्फने १९२५ साली आपल्या निबंधसंग्रहाला नाव दिले ते याच ‘सामान्य वाचका’चे.

ही कसोटी जॉन्सनवरही उलटली. स्टर्नचे ‘ट्रिस्ट्रम शँडी’ टिकले नाही असे तो सांगून गेला, ते टिकले. मिल्टनच्या ‘लिसिडस’वरचा त्याचा निकालही पुढील वाचकांनी फिरविला. परंतु त्याचे मोठेपण असे की, आपले निकाल फिरविण्याचे साधन त्याने स्वतःच वाचकाच्या हाती देऊन ठेवले होते. कोशात घोड्याच्या पायाच्या एका भागाचा अर्थ चुकला तेव्हा कारण विचारणाऱ्या बाईंना त्याने निव्वळ अज्ञान असे उत्तर दिले. त्याच कसोटीने पाहता ‘गुलामगिरी’ची शंभर वर्षे १९७३ साली भरली. पुस्तक वाचले जात होते आणि आजही वाचले जाते. ‘निबंधमाला’ही उरली. तिचा तो निकाल मात्र उरला नाही.

‘रासेलस’मध्ये एक ज्योतिषी आहे. वर्षानुवर्षे एकांतात आकाश पाहून त्याची अशी समजूत झालेली असते की, पाऊस आणि ऋतू आपल्याच आज्ञेने चालतात. तो दुष्ट नाही. उलट, न्यायाने ऋतू वाटण्याच्या जबाबदारीने वाकून गेलेला आहे. माणसांच्या सहवासात मिसळल्यावर त्याचा भ्रम हळूहळू ओसरतो. जॉन्सनने हे लिहिले त्याच्या सुमारे पाव शतक आधी जयपुरात सवाई जयसिंगाची वेधशाळा उभी राहिली होती. तेथील सम्राट यंत्राचा सुमारे २७ मीटर उंचीचा शंकू आजही सावली टाकतो आणि ती सावली दर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. नातीबरोबर ती पाहावयास गेलेले प्राध्यापक बराच वेळ तेथे उभे राहिले. यंत्र वेळ सांगते, सूर्याला हुकूम देत नाही.

परतल्यावर रात्री त्यांनी नातीला एक गोष्ट सांगितली. तरुणपणी, मराठवाड्यातील एका महाविद्यालयात, खेड्यातून आलेल्या एका मुलाचा निबंध त्यांनी वर्गात मोठ्याने वाचला होता, त्यातील प्रत्येक अशुद्ध शब्दावर थांबत. वर्ग हसला. निबंध गावातील दुष्काळी कामावर होता, हे त्यांना पुष्कळ दिवसांनी आठवले. त्या मुलाने पुन्हा काही लिहून दिले नाही.

“तुम्ही त्याला नंतर शोधलंत का, आजोबा?”

“नाही.”

जॉन्सनने तरुणपणी गर्वाने बापाच्या पुस्तकांच्या दुकानावर बसण्यास नकार दिला होता. उतारवयात तो त्याच बाजारात भर पावसात उघड्या डोक्याने उभा राहिला. प्राध्यापकांजवळ असा बाजार नव्हता. त्यांच्याजवळ ‘निबंधमाले’ची जुनी प्रत होती. फुल्यांवरील उपहासाच्या पानावर त्यांनी विद्यार्थिदशेत तांबड्या पेन्सिलीने ‘उत्तम’ असे लिहिले होते. तो शब्द त्यांनी खोडला नाही. त्याखाली फक्त एक साल लिहिले: १९७३. आणि पुस्तक नातीकडे वाचावयास दिले.